प्लेअर खिशात, गोंधळ कार्डात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फोन असताना खिशात वेगळा म्युझिक प्लेअर कशाला, यावर लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच मेल आल्या. गंमत म्हणजे कुठला प्लेअर घेऊ असं विचारणारे कमीच, घेतलाय पण मजा येत नाहीये म्हणणारे जास्त. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीयेत, गावं ठेवलीयेत.

प्रश्न (कोल्हापूर) : नमस्कार सर, माझ्याकडे अभंग आणि भक्तिगीतांचं मोठं कलेक्शन आहे. पूर्वी एसटी स्टँडबाहेर १५० गाण्यांची एक सीडी मिळायची, तशा बऱ्याच घेऊन कॉम्प्युटरवर भरून ठेवलेल्या. आता रिटायर झाल्यावर ३२ हजारांचा प्लेअर घेतला, इअरफोनही भारीतले घेतले, पण टाळ वाजायला लागले की नुसती सळसळ ऐकू येते. मुलाने सगळं फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट करून दिलं तरी तेच. पीस खराब लागला का?

उत्तर : काका, पीस ठणठणीत आहे आणि इअरफोन तर इतके चांगले आहेत की इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरवर जे लपलेलं होतं ते आता उघडं पडलंय. जरा हिशोब करा. एक सीडी म्हणजे ७०० एमबी, त्यात १५० गाणी, म्हणजे एका गाण्याला साडेचार-पाच एमबी. पाच मिनिटांचं गाणं एवढ्या जागेत बसवायचं तर ते १२८ केबीपीएसचंच (सेकंदाला १२८ किलोबिट) असणार. मूळ ऑडिओ सीडीचा रेट १४११ केबीपीएस असतो, म्हणजे तुमच्याकडे आला तो अकरावा हिस्सा, आणि तोसुद्धा सीडीवरूनच बनवला होता की कुठल्या कॅसेटवरून, देव जाणे.

एमपीथ्री करताना काय होतं की मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला तसाही कळणार नाही असा अंदाज असतो, तो फेकून दिला जातो. गळा, तंबोरा, बासरी यांना हे बऱ्यापैकी मानवतं. पण टाळ, झांज, चिपळ्या, ढोलकीची चाट हे आवाज अचानक येतात आणि वरच्या पट्ट्यात पसरलेले असतात, तिथे १२८ मध्ये बिट्स पुरत नाहीत, मग ठोक्याची धार जाते आणि ठोका पडायच्या आधीच एक फुसफुस सुरू होते. तुम्ही म्हणताय ती सळसळ तीच. अभंगात टाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत असतात म्हणून तुमचं कलेक्शन नेमकं यात सापडलं, तुमच्याकडे नुसती भावगीतं असती तर कदाचित तुम्हाला पत्ताही लागला नसता.

आता फ्लॅकचं. फ्लॅक त्याला जे द्याल ते जसंच्या तसं जपतं, पण गेलेलं परत आणत नाही. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं तर ते काही घट्ट होत नाही. मुलाने मनापासून केलंय, त्याला रागवू नका, पण त्या कन्व्हर्ट केलेल्या फ्लॅक फाइल्स डिलीट करा, कार्डात चार-पाच पट जागा खाऊन बसल्या असतील. मूळ एमपीथ्री मात्र ठेवा. खात्री करायचीच असेल तर स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की आवाजाचा आलेख दिसतो. १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली की समजायचं मूळ माल १२८ चा आहे, बाहेरून फ्लॅकचं लेबल असलं तरी.

उपाय कंटाळवाणा आहे. सगळं नका करू, जी शंभर-दीडशे गाणी खरंच पुन्हा पुन्हा ऐकता तेवढीच मूळ सीडीवरून नव्याने काढा. जुन्या बाजारात ओरिजिनल सीडी अजून मिळतात, आणि एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर वापरलं तर ओरखडे असलेली सीडीसुद्धा ते परत परत वाचून नीट काढायचा प्रयत्न करतं. घरच्या डिस्कवर फ्लॅक, प्लेअरमध्ये जागा कमी असेल तर त्यावरून बनवलेली ३२० ची एमपीथ्री. या दोघांतला फरक कळतो असं कुणी सांगितलं तर फूबार२००० या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये आंधळ्या चाचणीची (कुठली फाइल वाजतेय हे न सांगता ओळखायला लावायची) सोय आहे, त्यात बसवा त्याला. आणि हो, तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठं वाजलं की तेच चांगलं वाटतं. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहितीये.

प्रश्न (सांगली) : दादा, माझ्या प्लेअरमध्ये भीमसेनजी चार ठिकाणी दिसतात. एकदा पंडित लावून, एकदा पं. लावून, एकदा नुसते, आणि एकदा आडनाव आधी. बारा गायिकांची एक सीडी होती तिचे बारा अल्बम झालेत. वर मराठीत लिहिलेली नावं चौकोन चौकोन दिसतात. शास्त्रीय संगीत नीट लावायची काही पद्धत आहे का हो?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण लोक साउंडवर रात्र रात्र भांडतात आणि टॅगकडे कुणी बघत नाही, आणि मग पाच हजार गाण्यांतून हवं ते सापडत नाही म्हणून तीच वीस गाणी ऐकत बसतात. प्लेअरला फाइलच्या नावाशी देणंघेणं नसतं (फोल्डर व्ह्यू सोडला तर), तो फाइलच्या आत लिहिलेला टॅग वाचतो, आणि त्याच्या दृष्टीने पंडित आणि पं. ही दोन वेगळी माणसं. त्यामुळे एकच रूप ठरवायचं आणि सगळीकडे तेच. माझं मत विचाराल तर पंडित, उस्ताद, विदुषी सगळं काढून टाका. आदर मनात ठेवा, टॅगमध्ये ठेवला तर अर्धे कलाकार प च्या खाली जमा होतात आणि किशोरीताई, कुमारजी शोधायला खाली खाली जात बसावं लागतं.

बारा अल्बमचं कारण म्हणजे अल्बम आर्टिस्ट हा रकाना रिकामा आहे. आर्टिस्टमध्ये त्या त्या गाण्याची गायिका, आणि अल्बम आर्टिस्टमध्ये बाराही गाण्यांना 'विविध गायक' किंवा जे आवडेल ते, पण सगळीकडे एकसारखं. जुगलबंदीलाही हेच. एमपीथ्रीटॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाराही फाइल्स सिलेक्ट करून एकदाच लिहायचं, मिनिटाचं काम आहे.

आता शास्त्रीयचं खरं दुखणं. हे सगळे रकाने पाश्चात्त्य पॉप अल्बम डोळ्यासमोर ठेवून बनवलेत, त्यात राग कुठे लिहायचा, ताल कुठे, साथीला कोण हे कुठे, याचा कुणी विचारच केला नाही. जॉनरमध्ये, म्हणजे संगीताच्या प्रकाराच्या रकान्यात, बहुतेक ठिकाणी इंडियन क्लासिकल एवढंच लिहिलेलं येतं, आणि ज्याच्याकडे सगळंच शास्त्रीय आहे त्याला त्याचा उपयोग शून्य. म्हणून मी सांगतो, जॉनरमध्ये राग लिहा. मग जॉनरच्या मेन्यूत गेलात की यमन, मारवा, पूरिया अशी यादीच येते आणि मारवा उघडला की तुमच्याकडे असलेले सगळे मारवे, कुणाचेही असोत, एकाखाली एक. संध्याकाळी काय लावू हा प्रश्नच मिटला. टायटलमध्येही राग आधी, मग विलंबित एकताल वगैरे, कारण छोट्या स्क्रीनवर पहिली पंधरा-वीस अक्षरंच दिसतात. साथीदार कॉमेंटमध्ये. भावगीतं आणि सिनेमाच्या गाण्यांना मात्र कंपोझरचा रकाना मनापासून भरा, कारण बाबूजी गायक म्हणून वेगळे आणि संगीतकार म्हणून वेगळे शोधावेसे वाटतात, आणि लताबाईंनी आनंदघन नावाने दिलेलं संगीत तर कंपोझर भरल्याशिवाय एकत्र दिसणारच नाही.

चौकोनांचं म्हणाल तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाहीये. काही प्लेअरमध्ये फॉन्ट असतो पण अक्षरं जोडायची अक्कल नसते, मग जोडाक्षरं सुटी पडतात आणि ह्रस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते. अँड्रॉइडवाल्या प्लेअरमध्ये हा त्रास नाही, तिथे खुशाल मराठीत लिहा. छोट्या बटणवाल्या प्लेअरमध्ये इंग्रजी लिपीत लिहिण्याला पर्याय नाही, मलाही ते आवडत नाही पण काय करणार. अजून एक, टॅग सेव्ह करताना आयडीथ्रीचं (एमपीथ्रीत टॅग लिहायच्या पद्धतीचं) २.३ व्हर्जन यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ठेवा, जुने प्लेअर ते जास्त बिनबोभाट वाचतात. कव्हरचा फोटो दिसत नसेल तर तो प्रोग्रेसिव्ह जेपेग असू शकतो, साध्या जेपेगमध्ये ५०० बाय ५०० करून टाका.

प्रश्न (नाशिक) : वडिलांनी घरच्या आणि मित्रांकडच्या मैफिली कॅसेटवर रेकॉर्ड केल्यात, पन्नास-साठ कॅसेट असतील. त्या प्लेअरमध्ये घ्यायच्यात. एक करून बघितली तर गाणं जरा चढं वाटतंय आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतोय. कॅसेट गेल्या का?

उत्तर : नाही हो, गेल्या असतील असं वाटत नाही, आणि हे काम आधी करा, प्लेअर नंतर घेतला तरी चालेल. बाजारातल्या कॅसेटवरचं गाणं कुठे ना कुठे मिळेल, पण घरच्या मैफिलीची दुसरी कॉपी जगात कुठेच नाही.

चढं वाटतंय म्हणजे डेकचा वेग चुकलाय. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने फिरली पाहिजे. तो वेग सहा टक्क्यांनी वाढला तर पांढरी एकचं गाणं सरळ काळी एकमध्ये जातं, म्हणजे पूर्ण एक पट्टी. तपासायचं कसं तर बाजारातली एखादी कॅसेट घ्या जिचं तेच रेकॉर्डिंग सीडीवर किंवा ऑनलाइनही आहे, आणि दोन्हींच्या वेळा जुळवा. तीस मिनिटांची बाजू सहा टक्के जोरात फिरली तर जवळजवळ पावणेदोन मिनिटं आधी संपते. एकतर मोटरवरच्या छोट्या स्क्रूने वेग ठीक करणारा मेकॅनिक गाठा, नाहीतर कॉम्प्युटरवर घेतल्यावर ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड बदला. स्पीड बरं का, पिच नाही, नुसता पिच बदलला की सूर उतरतो पण लय तशीच पळत राहते. शिवाय तुमचा डेक बरोबर असून वडिलांचा रेकॉर्डर त्या दिवशी हळू चालत असेल, असंही असतं. तेव्हा तो रेकॉर्डर विजेवर चालत असेल तर टेपवर विजेची बारीक घुमघुम उतरलेली असते, ती आपल्याकडे ५० हर्ट्झची. आलेखात ती ५३ ला दिसली तर टेप सहा टक्के जास्त वेगाने वाजतेय, हिशोब सोपा आहे. फक्त ती घुमघुम टेपवरचीच आहे ना आणि तुमच्याच डेकची नाही ना, हे टेप थांबवून एकदा ऐका. घरातल्या पेटीवर विसंबू नका, ती स्वतःच चढी-उतरी असू शकते.

घोंगडीचं कारण बहुतेक हेडवर (टेप वाचणारा भाग) साचलेली माती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, हेड, रबरी चाक, त्याच्या शेजारची दांडी सगळं पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. तरी घोंगडी राहिली तर हेडचा कोन. हेडच्या बाजूला एक स्क्रू असतो, टेप चालू असताना तो अगदी केसभर इकडेतिकडे फिरवायचा आणि तंबोऱ्याची जवारी, तबल्याची किनार सगळ्यात स्वच्छ जिथे ऐकू येते तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागेल जर वडिलांनी वेगवेगळे रेकॉर्डर वापरले असतील. डॉल्बीचं (टेपची सळसळ कमी करणारं) बटण ज्या कॅसेटवर डॉल्बी लिहिलंय तिलाच, उगाच दाबलं तर अजून घोंगडी. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते, त्या वेगळ्या ठेवा. आतला स्पंजचा तुकडा पडला असेल तर स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये रीळ बदलता येतं.

लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या तानेलाही मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. मूळ रेकॉर्डिंगमधला हिस (टेपची सततची सळसळ) काढायच्या फंदात पडू नका, त्या नॉइज रिडक्शनमध्ये हिसबरोबर तंबोराही जातो आणि गायक बादलीत बसल्यासारखा वाटतो. काढायचाच असेल तर कॉपीवर. आणि कोण गातंय, कुणाच्या घरी, साल कुठलं, साथीला कोण, हे वडील किंवा त्यांचे मित्र आहेत तोवर विचारून लगेच टॅगमध्ये लिहा, कॅसेटच्या कागदावरची शाई पुसट होत चाललेली असेल.

प्रश्न (ठाणे) : प्लेअरवर एलडॅक लिहिलंय, ब्लूटूथ बड्स जोडले तर फ्लॅक आणि एमपीथ्रीत काही फरकच कळत नाही.

उत्तर : कारण बड्समध्ये एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त डेटा पाठवायची पद्धत, नसेल. दोन्हीकडे असावं लागतं, नाहीतर जोडी एसबीसीसारख्या साध्या पद्धतीवर उतरते. आणि एलडॅक असलं तरी ते जास्तीत जास्त ९९० केबीपीएस, सिग्नल कमजोर झाला की ६६० नाहीतर ३३० वर येतं, लोकलच्या गर्दीत तर ९९० विसराच. ब्लूटूथवर तुमची फाइल पुन्हा एकदा दाबली जाते, मग आत फ्लॅक असून विशेष काही हाती लागत नाही. बड्सवरच ऐकणार असाल तर वेगळ्या प्लेअरचे पैसे वाचवा, फोन पुरेसा आहे. प्लेअरची खरी किंमत वायर जोडल्यावर वसूल होते.

प्रश्न (न्यू जर्सी) : बाबांचा जुना आयपॉड क्लासिक सापडला, त्यात नाट्यगीतांचा खजिना आहे. ज्या लॅपटॉपवरून भरला होता तो केव्हाच गेला. गाणी बाहेर काढता येतील का?

उत्तर : येतील, आणि लवकर काढा. क्लासिकच्या आत फिरणारी हार्डडिस्क आहे आणि तो बनवणं २०१४ मध्येच थांबलं, म्हणजे तुमचा तुकडा त्याहून जुनाच. कॉम्प्युटरला जोडल्यावर आयट्यून्सने सिंक करू का विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका, नव्या रिकाम्या लायब्ररीबरोबर सिंक झाला की आतलं सगळं पुसून निघतं. डिस्क म्हणून उघडा, लपवलेल्या फाइल्स दिसण्याचा पर्याय चालू करा, आयपॉड कंट्रोल नावाच्या फोल्डरात म्युझिक, आणि त्यात एफ००, एफ०१ असे फोल्डर दिसतील. फाइलची नावं बघून घाबरू नका, चारच अक्षरं आणि काही अर्थ नाही, गाण्याचं नाव आत टॅगमध्ये सुरक्षित असतं. अख्खा फोल्डर कॉपी करा आणि मग एमपीथ्रीटॅगला सांगा की टॅगवरून फाइलची नावं बनव. फक्त आयपॉड मॅकवर फॉरमॅट केला असेल तर विंडोजला तो वाचता येणार नाही, मॅकवाल्या मित्राकडे जा.

एकदा गाणी दोन वेगळ्या डिस्कवर गेली की मग आयपॉडशी काय हवं ते करा. हार्डडिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवणारे अडॅप्टर मिळतात, आणि रॉकबॉक्स (प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं सॉफ्टवेअर) टाकलं की तो फ्लॅकही वाजवतो, जे मूळ सॉफ्टवेअर वाजवत नाही. बाबांना द्यायचा असेल तर रॉकबॉक्स नका टाकू, त्यांना त्यांचं ते चाकच बरं.

प्रश्न (पुणे) : मैफिलीच्या सीडीत बडा ख्याल संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो, तिथे क्षणभर सगळं बंद पडतं. तंबोरासुद्धा! चिडचिड होते.

उत्तर : होणारच. एमपीथ्री ठरावीक मापाच्या तुकड्यांत बनते, एका तुकड्यात ११५२ सॅम्पल, आणि गाणं त्या मापात बरोबर बसत नाही म्हणून पुढे-मागे शांतता भरली जाते. लेम नावाच्या एमपीथ्री बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या फाइलमध्ये किती शांतता भरली याची नोंद असते आणि प्लेअरमध्ये गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडता वाजवणं) चालू असेल तर तो ती कापून टाकतो. आधी सेटिंगमध्ये गॅपलेस शोधा. नसेलच तर फ्लॅक करून बघा, त्यात अशी भर नसते, किंवा सरळ दोन्ही ट्रॅक जोडून एकच फाइल करा. पन्नास मिनिटांचा राग एकाच फाइलमध्ये असला तर बिघडलं कुठे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : शफलवर एक गाणं कुजबुजल्यासारखं आणि पुढचं कानात ओरडतं. सारखं बटण दाबून दाबून अंगठा दुखतो.

उत्तर : रिप्लेगेन, म्हणजे सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवायची सोय. फूबार२००० मध्ये सगळी गाणी निवडून स्कॅन करा, ते गाण्याला हात लावत नाही, किती कमी-जास्त वाजवायचं एवढंच टॅगमध्ये लिहितं. प्लेअरला रिप्लेगेन कळत नसेल तर एमपीथ्रीगेन वापरा, ते फाइलमध्येच दीड-दीड डेसिबलच्या पायरीने बदल करतं आणि क्वालिटीला धक्का लागत नाही. शफलला ट्रॅक मोड, पण रागाचा पूर्ण अल्बम ऐकताना अल्बम मोडच, नाहीतर आलाप आणि द्रुत दोन्ही सारख्याच आवाजात येतील आणि चढत जाण्याची सगळी मजा जाईल.

प्रश्न (रत्नागिरी) : ५१२ जीबीचं कार्ड ऑनलाइन चारशे रुपयांत मिळालं. अर्धी गाणी वाजतात, अर्धी मधेच तुटतात.

उत्तर : चारशे रुपयांत ५१२ जीबी कुणी देत नाही हो. आत ३२ किंवा ६४ ची चिप असणार, कॉम्प्युटरला खोटं सांगते, भरत गेलात की जुन्यावर नवीन लिहिलं जातं. एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा आणि मुदतीत असेल तर परत करा. त्यातलं काही वाचलं असेल तर आधी उतरवून घ्या.

प्रश्न (डोंबिवली) : २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फाइल्स विकत घ्याव्यात का? जुनी नाट्यगीतंही त्यात मिळतात म्हणे.

उत्तर : सीडीचे १६ बिट म्हणजे ९६ डेसिबलचा पल्ला आणि ४४.१ म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज. तरण्या कानाला २० पर्यंत ऐकू येतं, पन्नाशीत त्याहून बरंच कमी. आणि भोंग्यासमोर उभं राहून गायलेल्या, मायक्रोफोन यायच्या आधीच्या रेकॉर्डमध्ये ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच, तिथे १९२ घेऊन खरखरीचा फक्त हाय रेझोल्यूशन फोटो मिळेल. पण त्याच गाण्याची नवी प्रत मूळ तबकडीवरून काळजीपूर्वक, बरोबर वेगाने काढलेली असेल तर ती जरूर घ्या, साध्या सीडी क्वालिटीत मिळाली तरी. घेण्याआधी तुमच्याकडच्या प्रतीशेजारी ठेवून पट्टी तेवढी ताडून बघा.